पुठ्ठ्यामागचा स्कोअर

आमच्या घराला गल्लीत जो मान होता तो आमच्यामुळे नव्हता, डब्यामुळे होता.

हा डबा म्हणजे केबलचं मशीन. वायरीतून येणारं चित्र लांब जाता जाता अशक्त होतं, त्याला मध्ये कुठेतरी जोर द्यावा लागतो. तो जोर देणारा, बुटाच्या खोक्याएवढा, राखाडी रंगाचा डबा आमच्या जिन्याखालच्या माळ्यावर बसलेला होता. सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी बांधलेली आमची कॉलनी, चाळीसेक घरांची एक लांब गल्ली, आणि तिच्या बरोबर मधोमध आमचं घर. म्हणून डबा आमच्याकडे. वीज आमची, केबल फुकट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा व्यवहार केबलकाकांशी चहाच्या एका कपात पक्का केला होता, आणि त्या दिवसापासून गल्लीतला कोणीही, चित्र गेलं की आधी आमच्या दारात येऊन उभा राहायचा.

केबलकाका मूळचे निफाडकडचे. आधी त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिशच्या छत्र्या आल्या तेव्हा त्यांनी एक छत्री दुकानाच्या पत्र्यावर बसवली आणि स्वतःच खांबावर चढून आमची गल्ली जोडली. द्राक्षांच्या दिवसांत गावाहून येताना ते डब्याच्या नावाने एक करंडी आमच्याकडे ठेवून जात. अण्णा आणि ते तासन् तास क्रिकेटवर बोलत. अण्णांना खेळातलं कळायचं आणि काकांना चित्रातलं, त्यामुळे भांडण कधी झालं नाही.

भांडण व्हायची वेळ एकदाच आली, ती आईमुळे. आमच्या आईला उघडी वस्तू बघवत नाही. रेडिओला झालर, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, फोनला मखमली अंगरखा. डब्यावर धूळ बसते म्हणून तिने त्याच्यासाठी क्रोशाचं जाडजूड झाकण विणलं आणि घातलं. त्यानंतर रोज दुपारी तीनच्या सुमारास अख्ख्या गल्लीत चित्राला मुंग्या यायला लागल्या. केबलकाका आठवडाभर खांबांवर चढले, सांधे तपासले, गच्च्या पालथ्या घातल्या. शेवटी माळ्यावर डोकं घातलं तर डबा झाकणात उकडत बसलेला. ते आईला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त टीव्हीवर पट्टी फिरली.

ही पट्टी काकांची खास होती. पडद्याच्या तळाशी सरकत जाणारी अक्षरं. इतर केबलवाले तिथे साड्यांच्या सेलच्या जाहिराती दाखवत. काका तिथे गल्लीच्या बातम्या देत. 'पाण्याची टाकी धुणार आहेत, भरून ठेवा.' 'चष्मा सापडला आहे, ओळख पटवून न्या.' त्या दिवशी पट्टी आली: 'सर्व ग्राहकांस विनंती, डब्यावर झाकण घालू नये.' गल्लीत डबा एकाच घरी होता. आईने ती पट्टी तीनदा वाचली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "कोण असतात गं अशी माणसं?" झाकण मात्र तिने मुकाट्याने मिक्सरला घातलं.

हे सगळं सुखाने चाललं होतं. मग नवा केबलवाला आला.

त्याच्याकडे जीप होती, छापील कार्डं होती, आणि मोठमोठ्या छत्र्यांची आख्खी गच्ची होती. तो काही छोटा माणूस नव्हता, त्याच्यामागे कुठली तरी मोठी कंपनी होती म्हणे. आमच्या पुढच्या दोन गल्ल्या पूर्वी काकांच्या होत्या, त्या त्याने वर्षभरात घेतल्या. आता काकांकडे उरली होती एकटी आमची. ती गेली की त्यांना पुन्हा टेपरेकॉर्डर उघडून बसावं लागणार होतं, आणि टेपरेकॉर्डर तोवर लोकांनीच बंद केले होते.

त्याच सुमारास अण्णा पडले. बुधवारच्या बाजारात, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर. कोथिंबिरीच्या जुडीसाठी वाकले आणि पायरीवरून घसरले. जुडी हातातून सुटली नाही हे ते नंतर प्रत्येकाला सांगत. पायाला प्लास्टर, सहा आठवडे बिछाना. आम्ही टीव्ही हॉलमधून उचलून त्यांच्या पलंगासमोर ठेवला. अण्णांनी प्लास्टरचे आठवडे आणि कसोटी मालिकेच्या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या आणि प्रसन्न झाले. जन्मात पहिल्यांदा त्यांना पाचही दिवस, चेंडू न चुकवता, कोणाचंही न ऐकता मॅच बघता येणार होती.

मालिकेला आठ दिवस उरले असताना आमच्या केबलवरचं क्रीडा चॅनल गेलं. नुसता निळा पडदा. संध्याकाळी काका आले, अण्णांच्या पलंगापाशी उभे राहिले. चॅनलवाल्यांनी दर वाढवला होता, तो मोठ्या केबलवाल्यांना परवडत होता, एका गल्लीच्या माणसाला परवडत नव्हता. त्यांनी ते फार लांबवलं नाही.

"अण्णा, या टायमाला जमत नाय," एवढंच म्हणाले.

"रेडिओ आहे की," अण्णा म्हणाले. "आम्ही काय टीव्ही घेऊन जन्माला आलो होतो?"

काका गेल्यावर त्यांनी रेडिओ मागवला, सेल बदलायला लावले, आणि तो उशाशी ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

दोनच दिवसांनी नवा केबलवाला आमच्या ओट्यावर हजर. माझ्याएवढाच असेल, पस्तिशीचा, पण माझ्यापेक्षा इस्त्रीचा. पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. त्याने सरळ मांडलं. त्याचा डबा आमच्याकडे ठेवायचा, नवा, पंखा असलेला. जुना काढायचा. क्रीडा चॅनल जेवढी आहेत तेवढी सगळी आमची, फुकट. "तुमचं घर आलं की गल्ली आलीच, साहेब. मधोमध आहात तुम्ही."

मला आयुष्यात साहेब म्हणणारा तो तिसरा माणूस. पहिले दोघे विमा विकणारे होते. आतून रेडिओचा खरखराट येत होता, अण्णा स्टेशन लावून बघत होते. मी ठामपणे नाही म्हणायचं ठरवलं आणि म्हणालो, "विचार करून सांगतो."

आमच्या घरात 'विचार करून सांगतो' म्हणजे नाही. मुलीकडचे असं म्हणाले की आम्ही दुसरं स्थळ बघतो. त्याच्या घरात बहुधा तसं नव्हतं. तो म्हणाला, डब्याचं सावकाश बघू, तोवर मालिकेपुरती एक वायर टाकून देतो, बघा तर चित्र. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मलाही त्या वेळी नक्की माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, काका जेवायला गेलेले असताना, मागच्या बाजूने, पेरूच्या झाडावरून, न्हाणीच्या झरोक्यातून वायर आली आणि अण्णांच्या टीव्हीला लागली. जुनी वायर डब्यात तशीच, गल्लीचं चित्र चालूच. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. बायको सगळं बघत उभी होती. "अहो, चोरी करायचीच तर निदान हिरव्या रंगाची वायर तरी मागायची," ती म्हणाली. वायर पांढरी होती. आणि संध्याकाळी आईने, ही नवी दोरी बरी बांधली म्हणून, तिच्यावर दोन टॉवेल आणि अण्णांचा बनियन वाळत घातला.

अण्णांना काय सांगायचं हा खरा प्रश्न होता. अण्णा काकांना सोडून दुसऱ्याची वायर घरात घेऊ देणार नाहीत, हे मला नीट माहीत होतं. म्हणून मी सांगितलं की काकांनी चॅनल परत आणलं. दुपारीच येऊन जोडून गेले, तुमचा डोळा लागला होता. अण्णांनी एकदा टीव्हीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वा. माणूस जिद्दीचा आहे."

आता राहिली पट्टी. नव्या केबलवाल्याची पट्टी दर पाच मिनिटांनी सरकायची, आणि तिच्यात त्याचं दुकान, त्याचा पत्ता, 'क्रीडा चॅनल फक्त आमच्याकडेच', सगळं ठसठशीत. अण्णांचं आदल्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर एकदम ताजी. मी डोकं चालवलं. दिवाळीच्या नव्या शर्टातला पुठ्ठा काढला, त्याची चार बोटं रुंदीची पट्टी कापली, आणि पडद्याच्या तळाशी चिकटपट्टीने लावून टाकली. अण्णांना सांगितलं की पडद्याच्या खालच्या भागातून किरणं निघतात, आडवं पडून बघणाऱ्याला बाधतात, पेपरात आलंय.

"बरं झालं सांगितलंस," अण्णा म्हणाले.

पहिल्या दिवशी सकाळी मी वडिलांच्या पायाचं कारण देऊन रजा काढली आणि आम्ही बापलेक मॅचला बसलो. पहिल्या षटकानंतरच माझ्या हुशारीची दुसरी बाजू उलगडली. स्कोअरही तळाशीच यायचा.

"किती झाले?" अण्णांनी विचारलं.

मी उठलो, टीव्हीपुढे गुडघे टेकले, पुठ्ठ्याचं एक टोक उचललं, वाचलं, टोक दाबलं, येऊन बसलो. पुढच्या षटकानंतर पुन्हा, "किती झाले?" दिवसाला नव्वद षटकं असतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझे गुडघे, देवळाला शंभर प्रदक्षिणा घातल्यासारखे, बोलायला लागले. मधूनच अण्णा चौकारावरही विचारत, धाव न निघालेल्या चेंडूवरही विचारत. एकदा तर जाहिराती चालू असताना विचारलं. बायको दारातून भजी घेऊन आली, मला त्या अवस्थेत बघून ताटली ठेवून परत गेली.

त्यातच समोरचे सर अण्णांची चौकशी करायला आले. सर निवृत्त गणित शिक्षक, आवाज अजून वर्गाएवढा. त्यांनी मॅच बघितली आणि दारातच थबकले. "तुमच्याकडे दिसतंय?"

"केबलकाकांनी लावून दिलंय," अण्णा म्हणाले, तेही सरांच्याच पट्टीत. "म्हटलं ना, माणूस जिद्दीचा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोहोचली. काकांनी एकाच घराला चॅनल दिलं, म्हणजे काय, आम्ही काय माणसं नाही का, असं सुरू झालं. तीन-चार जण दुकानावर जाऊन काकांना बोलून आले. एकाने तर, असं असेल तर उद्यापासून नव्याकडे जातो, असं तोंडावर सांगितलं. काकांकडे गल्ली जेमतेम उरली होती, ती मी एका पुठ्ठ्याने घालवायला निघालो होतो. रात्री मला झोप लागली नाही. अण्णा मात्र घोरत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर गेटची कडी वाजली. काका. खांद्याला हत्यारांची पिशवी.

"अण्णा, म्याच दिसतीय म्हणं तुमच्याकडं."

"तुमच्या कृपेने," अण्णा म्हणाले. "बसा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, टीव्हीच्या मागून न्हाणीकडे जाणाऱ्या पांढऱ्या वायरीकडे पाहिलं. ज्या माणसाने दहा वर्षं वायरींवर संसार केला त्याला त्यातलं काय कळायचं राहिलं असेल? ते स्टुलावर बसले. टीव्हीच्या अगदी जवळ.

"चित्र बरंय," ते म्हणाले.

"नेहमीपेक्षा जरा स्वच्छच आहे," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात एक गडी बाद झाला. "किती झाले?" अण्णांनी विचारलं. मी उठायला लागलो, पण काका जवळ होते. त्यांनी हात लांब करून पुठ्ठा उचलला. नेमकी पट्टी चालू झाली होती. ती फार हळू सरकायची. दुकानाचं नाव, चौकाचं नाव, 'क्रीडा चॅनल फक्त आमच्याकडेच', 'आजच संपर्क साधा'. काकांनी ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचली. मग स्कोअर आला.

"एकशे बेचाळीसला चार," काका म्हणाले. पुठ्ठा खाली सोडला, आणि चिकटपट्टीवरून अंगठा फिरवून ती नीट बसवली.

चहा येईपर्यंत त्यांनी आणखी सहा वेळा स्कोअर सांगितला. माझं नाव, वायरीचं नाव, एकदाही काढलं नाही. निघताना मी गेटपर्यंत गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला फक्त पेरूच्या झाडाबद्दलचं एक वाक्य सुचत होतं. त्यांनीच स्कूटरला किक मारता मारता सांगितलं, "पुठ्ठा दोन बोटं खाली घ्या. ब्याट्समनचे पाय कापले जातायत."

आत आलो तर अण्णा टीव्हीचा आवाज बंद करून बसले होते.

"काढ तो पुठ्ठा," ते म्हणाले.

मी किरणांचं काहीतरी पुटपुटलो.

"तू बाहेर गेलास की मी काठीने उचलून बघतो. पहिल्या दिवशीच बघितलं. आपल्या केबलला बारा नंबरवर कीर्तन लागतं, इथे इंग्रजी सिनेमा लागला. मला पायाला लागलंय, डोक्याला नाही."

"मग मला प्रत्येक ओव्हरला उठवत का होतात?"

"शिक्षा नको का काही?" अण्णा म्हणाले. मग जरा खाली बघत, "मलाही बघायची होती रे मॅच. तू खोटं बोललास, मी ते चालवून घेतलं. पण काकांना हे आपल्याच घरात येऊन कळायला हवं होतं. तू सांगितलं असतंस? म्हणून सरांना मोठ्याने सांगितलं. म्हटलं, ते येतील, डोळ्यांनी बघतील. आता उद्या जा आणि माफी माग. माझ्याही वाटची."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावर गेलो. वाटेत माफीची तीन वाक्यं पाठ केली होती, तिसऱ्यात गळा दाटून यायचा होता. दुकानाला कुलूप. त्या कुलपाला मी दुपारपर्यंत तीनदा भेटून आलो. शेजारचा पानवाला म्हणाला, काका सकाळीच नव्या केबलवाल्याच्या ऑफिसला गेले, सामान उचलायचं काहीतरी बोलणं चाललंय. सामान म्हणजे छत्री, मशीन, आणि आमच्या माळ्यावरचा डबा. मी घरी येऊन डब्याखालची धूळ पुसली. माणसाला निरोप देताना आपण त्याच्या कॉलरवरची धूळ झटकतो तसं. त्या दिवशी मॅचमध्ये काय झालं ते आम्हां दोघांनाही आठवत नाही. अण्णांनी एकदाही स्कोअर विचारला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली. नवा केबलवाला पुढे बसला होता, आणि मागून स्कूटरवर काका, शिडी घेऊन. आई दारात आली, शिडी बघून तिला वाटलं डबा चालला, आणि तिने पदर डोळ्याला लावला. काकांनी शिडी माळ्याला टेकवली, वर चढले, आणि पकड हातात घेऊन मला म्हणाले, "मागची वायर इकडं ओढा."

"कुठली मागची?" मी म्हणालो. सवय जात नाही.

"ती टॉवेलवाली," काका म्हणाले. "आता वायर तुम्ही आणूनच ठेवलीय तर वापरू की. मला रस्त्यापासनं ओढायची मेहनत वाचली."

मी न्हाणीतून वायर ओढली, आईने घाईघाईने तिच्यावरची उशीची खोळ काढली, आणि काकांनी ती डब्यात लावली. एका मिनिटात आख्ख्या गल्लीत क्रीडा चॅनल लागलं. समोरच्या घरातून सरांचा आवाज आला, पलीकडून कोणीतरी भांडं वाजवलं.

ठरलं होतं ते असं. चित्र यापुढे नव्या केबलवाल्याकडून येणार. पण गल्ली काकांची. जोडायचे, दुरुस्त करायचे, दारोदार जायचे ते काकाच. डबाही त्यांचाच आणि आमच्याकडेच. नव्या माणसाला ते का पटलं हे मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, मी दोन गल्ल्या घेतल्या तिथे रोज तक्रारी, लोक म्हणतात पहिले काका चित्र गेल्यावर तासात यायचे. "आणि साहेब, त्यांनी आणखी एक अट घातली. रोज सकाळी अर्धा तास पट्टी त्यांची. मी म्हटलं चालवा, पट्टीने काय होतंय."

काकांची छत्री मात्र पत्र्यावरून उतरली. ती उतरवताना मीही शिडी धरायला गेलो होतो. माफीची तीन वाक्यं तिथे म्हणायची ठरवली होती. पहिल्याच वाक्यात काका म्हणाले, "शिडी हलतीय, तिकडं लक्ष द्या." खाली आल्यावर त्यांनी छत्रीवरचं गंज लागलेलं टोक एकदा पुसलं आणि म्हणाले, अण्णांना म्हणावं उद्या मी येतो, शेवटचा दिवस आहे, स्कोअर सांगायला कोणीतरी पाहिजे.

पाचव्या दिवशी ते आले, द्राक्षांची करंडी घेऊन. पुठ्ठा नव्हता. मॅच सुरू व्हायला वेळ होता आणि सकाळची पट्टी नुकतीच चालू झाली होती. पहिल्यांदा पाण्याच्या टाकीचं आलं. मग, 'मधल्या घरातील अण्णांचे प्लास्टर पुढील आठवड्यात निघणार आहे, भेटायला जाणाऱ्यांनी मॅचच्या वेळा टाळाव्यात.' अण्णा हसले. काका गंभीर चेहऱ्याने द्राक्षं निवडत होते. मग पडद्याच्या उजव्या कडेतून पुढची ओळ सरकत आली: 'सर्व ग्राहकांस विनंती, टीव्हीच्या पडद्यावर पुठ्ठा लावू नये.'

"कोण असतात गं अशी माणसं?" आई बायकोला म्हणाली, आणि या वेळी दोघीही माझ्याकडे बघत होत्या.

एक गोष्ट काकांच्याही लक्षात आली नव्हती. पूर्वी त्यांची पट्टी आमच्या गल्लीपुरती होती. आता ती नव्या केबलवाल्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे जात होती, म्हणजे निम्म्या सातपुरात. सोमवारी रजा संपवून मी कारखान्यात गेलो तर कँटीनमध्ये चार टेबलांवर एकच विषय. कुठल्या तरी महाभागाने टीव्हीला पुठ्ठा लावला म्हणे, का लावला असेल? माझ्या शेजारी बसलेला सहकारी दूर दुसऱ्या कॉलनीत राहायचा. त्याने मिसळीत पाव बुडवता बुडवता मलाच विचारलं, की तुम्ही त्या बाजूला राहता ना, काय भानगड आहे?

मी म्हणालो, "किरणं असतात म्हणे. पेपरात आलं होतं."